एस्प्रेसो मशीन घेताय? आधी आकिल्ले गाज्जा यांची गोष्ट वाचा

घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचं म्हणून तुम्ही रात्री एक-एक वाजेपर्यंत रिव्ह्यू बघत बसत असाल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. कारण मीही तेच करत होतो.

मी चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात वाढलो. वीज केंद्राची कॉलनी, बाबा बॉयलर विभागात. सध्या मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करतो. दोन वर्षांपूर्वी पाच हजारांचं एक मशीन घेतलं होतं. बॉक्सवर एस्प्रेसो लिहिलेलं, पण कपात यायची ती कडू, जळकट आणि पातळ कॉफी. म्हणून गेल्या दिवाळीला बोनस आला तेव्हा साठ हजारांचं मशीन कार्टमध्ये टाकून ठेवलं.

अडचण एकच होती. बाबा मार्चमध्ये रिटायर होणार, क्वार्टर सोडावं लागणार, आणि चंद्रपुरात घेतलेल्या फ्लॅटचं बरंच काम बाकी. आई काही बोलली नाही. पण साठ हजारांत स्वयंपाकघराची कपाटं होतात, हे मलाही कळत होतं. त्यामुळे पैसे भरण्याआधी एक प्रश्न नीट समजून घ्यायचा ठरवला: माझ्या जुन्या मशीनमध्ये नक्की काय चुकत होतं? उत्तर शोधताना मिलानच्या एका कॅफेवाल्याची गोष्ट सापडली.

लग्नातली एस्प्रेसो आणि खरी एस्प्रेसो

आपल्याकडे एस्प्रेसोची पहिली ओळख लग्नाच्या रिसेप्शनमध्ये होते. स्टीलचं मोठं यंत्र, फुस्स असा आवाज, दुधावर भरपूर फेस आणि वरून चॉकलेट पावडर. चव मस्त, पण ती एस्प्रेसो नसते. ते यंत्र फक्त वाफ सोडतं आणि त्या वाफेने इन्स्टंट कॉफी घातलेलं दूध तापतं, फेसाळतं.

खऱ्या एस्प्रेसोत बारीक दळलेल्या कॉफीच्या दाबून बसवलेल्या थरातून गरम पाणी जोरात ढकलतात. आजचा साधारण हिशोब असा: १८ ग्रॅम कॉफी, ३६ ग्रॅमच्या आसपास पेय, २५ ते ३० सेकंद, ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमान आणि ९ बार दाब. एक बार म्हणजे जवळपास आपल्या भोवतीच्या हवेइतका दाब. म्हणजे इथे हवेच्या नऊपट जोर लागतो. हा जोर कपापर्यंत आणण्यात सगळ्यात मोठा वाटा आकिल्ले गाज्जा यांचा. आपल्याकडे त्यांच्या नावाच्या ब्रँडला अनेक जण गॅगिया म्हणतात, इटालियन उच्चार गाज्जा.

मिलानचा कॅफेवाला

गाज्जा यांचा जन्म १८९५ सालचा, इटलीतल्या मिलान शहरातला. ते कुठल्या विद्यापीठाचे संशोधक नव्हते. मिलानच्या व्हियाले प्रेमुदा रस्त्यावर घरचा कॅफे होता, तिथे काउंटरमागे उभं राहून कॉफी बनवणं हेच त्यांचं काम.

तोवर इटलीत कॉफीची मशीन आली होती. १८८४ मध्ये तुरिनच्या आंजेलो मोरियोंदो यांनी वाफेवर चालणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझ्झेरा यांनी एकेका कपाची कॉफी काढणारं मशीन आणलं. पुढे देसिदेरिओ पाव्होनी यांनी ते हक्क विकत घेऊन धंदा वाढवला. ही मशीन दिसायला देखणी होती. पितळेचा उंच बॉयलर, वर घुमटासारखं टोपण. गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघतच राहायचं.

पण रोज तीच कॉफी काढणाऱ्याला तिचा दोष लपत नाही. ती कडू आणि जळकी लागायची. गाज्जा यांना नेमकी तीच गोष्ट खटकत होती.

दोष कुठे होता? कुकरचं गणित

हे समजायला घरातला प्रेशर कुकर पुरे. उघड्या पातेल्यात पाणी साधारण १०० अंशांवर उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब हवेपेक्षा साधारण १ बारने वाढतो आणि आतलं पाणी १२० अंशांवर जातं. बंद भांड्यात वाफेचा दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात. एक वाढवलं की दुसरं वाढणारच.

जुन्या कॉफी मशीनमध्ये पाणी ढकलायचं काम हीच वाफ करायची. दाब मिळायचा जेमतेम दीड बार, आणि तेवढ्यासाठीही बॉयलरमधलं पाणी १२७ अंशांच्या आसपास न्यावं लागायचं. आता याच पद्धतीने ९ बार हवे असतील तर? पाणी १८० अंशांवर न्यावं लागेल. कॉफी पार करपून जाईल. म्हणजे बॉयलर कितीही मोठा आणि महाग करा, चव सुधारणार नाही, उलट बिघडेल.

माझं पाच हजारांचं मशीन याच जातीचं होतं. त्यात पंपच नव्हता. गाज्जा यांच्या तरुणपणीचा दोष मी ऑनलाइन ऑर्डर करून घरी आणला होता!

१९३८: दाब वेगळा, उष्णता वेगळी

वाफेचा नाद सोडायचा आणि पाणी पिस्टनने ढकलायचं, हा गाज्जा यांचा मार्ग. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कॉफीच्या इतिहासात असं सांगितलं जातं की क्रेमोनेसी नावाच्या एका तंत्रज्ञाने स्क्रूने फिरणाऱ्या पिस्टनची कल्पना आधीच मांडली होती, आणि तो वारल्यावर त्याच्या पत्नीकडून गाज्जा यांनी ते हक्क घेतले. कल्पना पूर्णपणे एकट्याची नसेलही. पण ती हातात घेऊन वर्षानुवर्षं सुधारत नेली ती गाज्जा यांनीच.

सप्टेंबर १९३८ मध्ये त्यांनी वाफेशिवाय चालणाऱ्या कॉफी यंत्रणेसाठी पेटंट अर्ज केला. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की सुरुवातीला त्यांनी अख्खं नवीन मशीन बनवलंच नाही. कॅफेत आधीपासून असलेल्या मशीनला बसवता येईल असा एक भाग बनवला. आजच्या भाषेत अपग्रेड किट. बाकीचं मशीन तेच, फक्त जिथे चुकत होतं तेवढंच बदललं.

मग दुसरं महायुद्ध आलं. मिलानवर बॉम्ब पडले, कॉफी मिळेनाशी झाली. अशा काळात कॉफीचं नवं यंत्र कोण घेणार? जवळजवळ सगळं काम थांबलं. पेटंट हातात आणि बाजारच नाही, अशी वर्षं त्यांनी काढली.

१९४७: स्प्रिंग आणि दांडा

युद्ध संपलं आणि गाज्जा पुन्हा कामाला लागले. स्क्रू फिरवायला वेळ आणि ताकद दोन्ही लागायचं. त्याऐवजी त्यांनी स्प्रिंग आणि लांब दांडा आणला. अमेरिकन लष्कराच्या जीपचं इंजिन बघून ही कल्पना सुचली, अशी एक दंतकथा आहे. पेटंटचं वर्ष १९४७, म्हणजे आपल्याकडे स्वातंत्र्य मिळालं तेच.

काम कसं चालायचं बघा. दांडा खाली ओढला की आतली स्प्रिंग दाबली जायची आणि कॉफीच्या वर गरम पाणी भरायचं. दांडा सोडला की स्प्रिंग हळूहळू मोकळी होत पिस्टन खाली ढकलायची आणि पाणी ८ ते १० बार दाबाने कॉफीतून जायचं. बॉयलरकडे फक्त पाणी तापवायचं काम उरलं. जोर लावायचं काम स्प्रिंगचं. इंग्रजीत आजही एस्प्रेसो काढण्याला शॉट ओढणं म्हणतात, ते या दांड्यामुळेच.

हे मी बाबांना मोबाइलवर चित्र दाखवून सांगितलं. त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं. म्हणाले, आमच्याकडेही असंच असून राहिलं. वीज केंद्रातल्या मोठ्या युनिटमध्ये दीडशे बारहून जास्त दाबाची आणि साधारण ५४० अंशांची वाफ लागते. पण तो दाब बॉयलर तयार करत नाही. बॉयलरच्या आधी फीड पंप असतो, तो पाण्याला दाब देतो. बॉयलर फक्त उष्णता देतो. मी लहानपणापासून ज्या चिमण्या खिडकीतून बघत आलो, त्यांच्या खाली काय चालतं हे मला कॉफीमुळे कळलं.

फेसाला बिचकलेली गिऱ्हाइकं

१९४८ मध्ये गाज्जा यांची कंपनी उभी राहिली आणि दांड्याचं मशीन बाजारात आलं. पण कॅफेत वेगळीच पंचाईत झाली. जास्त दाबामुळे कॉफीतली तेलं आणि कार्बन डायऑक्साइड वायू मिळून कपावर सोनेरी-तपकिरी फेस यायला लागला. लोकांनी असला फेस पाहिलाच नव्हता. हे वर काय तरंगतंय, असं लोक विचारू लागले.

मशीनमध्ये बिघाड नव्हता, तरी फेस काढून टाकायचा दबाव होता. गाज्जा यांनी उलट केलं. ही कॉफीची नैसर्गिक साय आहे, अशी मशीनवरच जाहिरात केली. आज त्याच फेसाला क्रेमा म्हणतात आणि तो नसेल तर गिऱ्हाईक तक्रार करतं.

धंदा वाढवणं मात्र सोपं नव्हतं. सुरुवातीची मशीन त्यांनी एर्नेस्तो वालेंते यांच्या फाएमा कंपनीकडून बनवून घेतली. थोड्याच वर्षांत दोघांचे रस्ते वेगळे झाले आणि फाएमा प्रतिस्पर्धी बनली. तरी गाज्जा यांची मशीन इटलीबाहेर गेली. १९५३ मध्ये लंडनच्या सोहो भागात मोका बार सुरू झाला तो गाज्जा मशीनवरच. त्याच दशकात त्यांच्या कंपनीने घरासाठी दांड्याचं छोटं मशीनही आणलं.

१९६१ मध्ये फाएमाने ई-६१ नावाचं मशीन आणलं. त्यात स्प्रिंगऐवजी विजेचा पंप होता आणि दाब ९ बार. दांडा ओढायची गरजच संपली. त्याच वर्षी आकिल्ले गाज्जा वारले. दांडा मागे पडला, पण दाब आणि उष्णता वेगळी ठेवायची ही पद्धत पंपाच्या मशीनमध्येही तशीच राहिली.

मग आपण काय घ्यायचं?

गाज्जा यांनी मशीन मोठं केलं नाही, चुकणारा भाग शोधला. आपणही तेच करायचं. मी या क्रमाने तपासलं:

१. पंप आहे का? बॉक्सवर ३.५ किंवा ५ बार लिहिलेलं स्वस्त मशीन बहुतेक वाफेवर चालतं. ते टाळा. पंपाच्या मशीनवर १५ किंवा २० बार लिहिलेलं असतं, तो पंपाचा कमाल दाब. कॉफीला ९ बार पुरतात, त्यामुळे १५ पेक्षा २० चांगलं असं काही नसतं.

२. ग्राइंडर कसा आहे? इथेच बहुतेक जण फसतात. मिक्सरसारख्या पात्याने दळलं की काही कण जाड, काही पीठ. पाणी सोपी वाट शोधतं आणि दाब वाया जातो. दोन दातेरी चकत्यांमध्ये दळणारा बर ग्राइंडर हवा. हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडरही चालतो, फक्त तो एस्प्रेसोइतकं बारीक दळतो ना, ते बघा.

३. बिया ताज्या आहेत का? पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. चिकमगळूर तर आहेच, पण आपल्या विदर्भात चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते.

४. बास्केट कोणती? दुहेरी तळाची बास्केट एका बारीक छिद्रातून कॉफी सोडून वरवरचा फेस तयार करते. शिकताना ठीक. ग्राइंडर आला की एकेरी तळाची वापरा.

५. पाणी कसं आहे? आमच्याकडचं पाणी जड. जुन्या मशीनच्या आत क्षाराचा थर साचून नळी अर्धी बंद झाली होती. बाबा हसले, कारण त्यांच्याकडे क्षार काढल्याशिवाय पाणी बॉयलरला लागतच नाही. घरी मात्र अगदी शून्य क्षाराचं पाणीही नको, कॉफी सपक लागते. कमी क्षाराचं पाणी वापरा आणि कंपनीने सांगितल्याप्रमाणे मशीन आतून साफ करा.

६. दूध किती वेळा तापवता? दुहेरी बॉयलर हा खर्च लागोपाठ चार-पाच लाटे बनवणाऱ्याला कामाचा. दिवसाला दोन कप पिणाऱ्याला एक बॉयलर पुरतो.

हे सगळं कागदावर मांडलं तेव्हा दिसलं की साठ हजारांचं मशीन माझा एकच दोष सुधारत होतं, पंपाचा. दळायला माझ्याकडे मिक्सरच होता. त्यावर ते मशीनही वाईट कॉफीच देणार होतं. मी कार्ट रिकामी केली. हाताचा ग्राइंडर आणि पंपाचं साधं मशीन घेतलं, दोन्ही मिळून वीस हजारांच्या आत. पहिले आठ-दहा दिवस कॉफी कधी आंबट, कधी कडू. मग वजनकाटा घेऊन बसलो, दळण एकेक पायरी बारीक करत गेलो आणि एका रविवारी कपावर तो सोनेरी फेस आला.

मार्चमध्ये बाबा रिटायर झाले. नव्या फ्लॅटमध्ये कपाटं लागली, ओट्याच्या कोपऱ्यात माझं मशीन बसलं. बाबा अजून चहाच पितात. पण मी कॉफी काढायला लागलो की पंपाचा आवाज ऐकून स्वयंपाकघरात येतात आणि घड्याळाकडे बघत सेकंद मोजतात.

माहिती उपयोगी वाटली असेल तर कार्ट भरून बसलेल्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा.