विश्लेषण : फवारा चुकला, तरी जोसेफ लिस्टर बरोबर कसे ठरले?

ऑपरेशनआधी सर्जन कोपरापर्यंत हात धुतात, शस्त्रे सीलबंद पाकिटातून बाहेर येतात. १८६०च्या दशकात यातले काहीच नव्हते. वाळलेल्या रक्ताने कडक झालेला कोट हा सर्जनच्या अनुभवाचा दाखला मानला जाई. चाकू एका रुग्णावरून दुसऱ्यावर जाई, मध्ये फार तर पुसला जाई. १८४६ मध्ये ईथरची भूल आल्यावर शस्त्रक्रिया वाढल्या, पण ऑपरेशन पार पडूनही जखम चिघळून रुग्ण दगावत. हे चित्र पालटण्यात सर्वात मोठा वाटा ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांचा.

सुगावा कसा लागला?

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमधील अप्टनचा. वडील वाइनचे व्यापारी, पण त्यांचे नाव झाले ते सूक्ष्मदर्शकाची भिंगे सुधारल्यामुळे. बहुतेक सर्जन ज्याकडे ढुंकूनही पाहत नसत, ते उपकरण लिस्टर यांच्या घरातच होते. लंडनमध्ये शिक्षण, एडिनबर्गला जेम्स साइम यांच्या हाताखाली उमेदवारी, त्यांची कन्या अ‍ॅग्नेस यांच्याशी विवाह आणि १८६० मध्ये ग्लासगोत प्राध्यापकपद.

तिथे एक गोष्ट त्यांना छळत होती. हाड मोडले पण कातडी शाबूत असेल, तर रुग्ण सहसा बरा होई. तेच हाड कातडी फाडून बाहेर आले की जखम सडे आणि अनेकदा पाय कापावा लागे. दोष दूषित हवेचा, अशी तेव्हाची समजूत. रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी लिस्टर यांचे लक्ष लुई पाश्चर यांच्या संशोधनाकडे वेधले. पदार्थ कुजतो तो हवेमुळे नव्हे, सूक्ष्मजीवांमुळे, असे पाश्चर यांनी दाखवले होते. द्रव उकळून ते मारता येतात, पण जखम कशी उकळणार? लिस्टर यांनी रसायन शोधले. कार्लाइल शहरात सांडपाण्याची दुर्गंधी घालवण्यासाठी वापरले जाणारे कार्बोलिक आम्ल त्यांनी निवडले.

१२ ऑगस्ट १८६५ रोजी ११ वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. गाडीचे चाक पायावरून गेले होते, हाड मोडून जखम उघडी पडली होती. लिस्टर यांनी कार्बोलिकमध्ये भिजवलेली पट्टी बांधली. चार दिवसांनी पट्टी सोडली, तेव्हा पू नव्हता. सहा आठवड्यांत हाड जुळले. पुढे शस्त्रे, टाक्यांचा दोरा, सर्जनचे हात, सारेच कार्बोलिकमध्ये बुडू लागले.

आकडे काय सांगतात?

१८६४ ते १८६६ दरम्यान लिस्टर यांच्याकडे हातपाय कापलेल्या ३५ पैकी १६ रुग्णांचा मृत्यू झाला होता. १८६७ ते १८७० मध्ये ४० पैकी सहा. आजच्या निकषांवर नमुना लहान आणि तुलना दोन वेगळ्या काळांतली, त्यामुळे शंकेला जागा होतीच. तरीही ४६ टक्क्यांवरून १५ टक्के ही घसरण दुर्लक्षिण्यासारखी नव्हती. अनेकांनी ती दुर्लक्षिली. १८७६ मध्ये लिस्टर यांनी अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन आपली पद्धत समजावली. पाच वर्षांनी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा डॉक्टरांनी न धुतलेली बोटे जखमेत घालून ती शोधली. अडीच महिन्यांनी ते गेले. जंतुसंसर्ग हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते.

चूक कुठे झाली?

जंतू मुख्यतः हवेतून येतात, असे लिस्टर यांनी धरले. म्हणून १८७१ पासून ऑपरेशन सुरू असताना ते हवेत कार्बोलिकचा फवारा मारू लागले. व्हिक्टोरिया राणीच्या काखेतील गळू कापतानाही तो वापरला. सर्वांचे कपडे भिजत, हातांची कातडी सोलवटे. खरा धोका मात्र हवेपेक्षा हातांचा आणि शस्त्रांचा होता.

शिवाय चिवट बीजाणूंपुढे कार्बोलिक तोकडे पडते, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये दाखवले. तिथे वाफच हवी. पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स शाँबरलाँ यांनी १८७९ मध्ये ऑटोक्लेव्ह तयार केला होता. प्रेशर कुकरचेच तत्त्व : दाबाखाली वाफ १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि बीजाणूही मरतात. बर्लिनमध्ये अर्न्स्ट फॉन बर्गमन यांनी वाफेचे निर्जंतुकीकरण शस्त्रक्रियेत रुळवले. जंतू आल्यावर मारण्याऐवजी ते आतच येऊ द्यायचे नाहीत, हा विचार इथे पक्का झाला.

१८९० मध्ये त्याच बर्लिनमधील वैद्यकीय परिषदेत लिस्टर यांनी फवारा जाहीरपणे सोडून दिला. तो सुचवल्याची लाज वाटते, अशीही कबुली दिली. तेव्हा ते ६३ वर्षांचे आणि जगातले सर्वाधिक मान असलेले सर्जन होते.

प्रयोगांच्या नोंदी वर्षानुवर्षे लिहून घेणाऱ्या अ‍ॅग्नेस यांचे १८९३ मध्ये निधन झाले. १० फेब्रुवारी १९१२ रोजी लिस्टर गेले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत मानाने अंत्यविधी झाला, दफन मात्र हॅम्पस्टेडला, अ‍ॅग्नेस यांच्या शेजारी.