डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस

विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डू बॉइस (२३ फेब्रुवारी १८६८ – २७ ऑगस्ट १९६३) हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ, इतिहासकार, संपादक आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे अग्रणी होते. नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल (एनएएसीपी) या संघटनेच्या संस्थापकांपैकी ते एक. ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ (१९०३) या ग्रंथाचे लेखक म्हणून ते सर्वाधिक ओळखले जातात. कृष्णवर्णीय कुटुंबांचे उत्पन्न, घरभाडे, जमीन आणि मालमत्ता यांची पद्धतशीर मोजणी करणाऱ्या पहिल्या अभ्यासकांमध्येही त्यांची गणना होते, ही बाब त्या मानाने कमी वाचकांना ठाऊक असते. श्वेतवर्णीय व कृष्णवर्णीय कुटुंबांमधील आर्थिक दरीचे कारण स्वभावात वा वंशात शोधण्याची त्या काळी रूढ असलेली पद्धत त्यांनी आकडेवारीच्या आधारे मोडीत काढली.

== प्रारंभिक जीवन आणि शिक्षण ==
डू बॉइस यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या गावी झाला. आईकडील बर्गहार्ट घराणे त्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या थोडीफार जमीन बाळगून असलेले, स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचे घराणे होते. वडील आल्फ्रेड डू बॉइस मुलाच्या लहानपणीच घर सोडून गेले. आई मेरी हिने लोकांच्या घरी कामे करून मुलाला वाढवले. १८८५ मध्ये तिचे निधन झाले. पुढील शिक्षणासाठी गावातील चर्चने वर्गणी गोळा केली आणि त्या पैशांवर ते टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात दाखल झाले.

गुलामगिरी संपून जेमतेम वीस वर्षे झालेला दक्षिण भाग त्यांनी येथेच प्रथम पाहिला. उन्हाळी सुट्टीत ते टेनेसीच्या ग्रामीण भागात शाळा चालवीत. दहा वर्षांनी ते त्याच वस्तीत परत गेले, तेव्हा नॅशव्हिलमध्ये वर्षभर राबून घरातील सामानसुमानासाठी ९० डॉलर आणणारी त्यांची एक हुशार विद्यार्थिनी मरण पावली होती. या भेटीचे वर्णन त्यांनी पुढे ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’मध्ये केले.

हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी १८९० मध्ये पदवी आणि १८९१ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. १८९२ ते १८९४ या काळात ते बर्लिन विद्यापीठात होते. तेथे गुस्ताफ श्मोलर यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांकडून त्यांनी एक शिस्त आत्मसात केली: सिद्धान्त मांडण्यापूर्वी तथ्ये गोळा करावीत. शिष्यवृत्तीची मुदत न वाढल्याने बर्लिनची डॉक्टरेट हुकली. १८९५ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन ठरले. अमेरिकेतील आफ्रिकी गुलामांच्या व्यापाराचे दमन हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

== फिलाडेल्फियातील पाहणी ==
१८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डातील कृष्णवर्णीय वस्तीची पाहणी करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. शहराच्या अधोगतीला ही वस्ती जबाबदार आहे, असा अनेक प्रतिष्ठितांचा समज होता आणि पाहणीतून त्यास दुजोरा मिळेल अशी अपेक्षाही होती. विद्यापीठाने त्यांना सहायकाचे दुय्यम पद दिले. अध्यापनाची संधी दिली नाही. नवविवाहित पत्नी नीना गोमर यांच्यासह ते त्याच वस्तीत राहिले आणि प्रश्नावल्या घेऊन स्वतः घरोघर हिंडले. वॉर्डातील ९,६७५ कृष्णवर्णीय रहिवाशांची माहिती अशा रीतीने जमा झाली.

‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ (१८९९) या ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग घरखर्चाच्या हिशेबांचा आहे. बहुसंख्य कमावते स्त्रीपुरुष घरकाम व तत्सम सेवांमध्ये अडकलेले होते. कामगार संघटना त्यांना प्रवेश देत नसत. कारखान्यांचे दरवाजे बंद होते. शिकलेल्या तरुणालाही हमाली किंवा वाढप्याचे काम पत्करावे लागे. मालकांच्या घरांजवळच राहणे भाग असल्याने आणि इतर मोहल्ल्यांत घर मिळत नसल्याने त्यांना निकृष्ट खोल्यांसाठी चढे भाडे मोजावे लागे. ते भागवण्यासाठी कुटुंबे पोटभाडेकरू ठेवीत, आणि त्यामुळे होणाऱ्या गर्दीवर पुन्हा सुधारक मंडळी टीका करीत. एकेकाळी शहरातील मेजवान्यांचा व्यवसाय कृष्णवर्णीय केटररांच्या हाती होता. तोही मोठ्या भांडवलापुढे आणि बदलत्या अभिरुचीपुढे टिकला नाही. उत्पन्न कमी आणि खर्च सक्तीने जास्त, अशा दुहेरी कोंडीत बचत कशी होणार, हा प्रश्न या ग्रंथाने प्रथमच आकड्यांनिशी उभा केला. वस्तीतील दोष डू बॉइस यांनी लपवले नाहीत. काही ठिकाणी त्यांचा सूर उपदेशकाचा होतो, हेही खरे.

== जॉर्जिया: जमीन, कर्ज आणि करनोंदी ==
१८९७ मध्ये ते अटलांटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढील तेरा वर्षांत त्यांच्या देखरेखीखाली कृष्णवर्णीयांचे व्यवसाय, शिक्षण, आरोग्य, कारागिरी, सहकार अशा विषयांवर वार्षिक अभ्यासमालिका निघाली. निधी तुटपुंजा असे आणि पाहणीचे बरेचसे काम माजी विद्यार्थी व हितचिंतक करीत.

जॉर्जियाच्या करनोंदी वर्णनिहाय ठेवल्या जात. भेदभावासाठी केलेली ही विभागणी डू बॉइस यांच्या अभ्यासाला उपयोगी पडली. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने हाताने रंगवलेले सुमारे ६० तक्ते तयार केले. त्यांपैकी एका तक्त्यात जॉर्जियातील कृष्णवर्णीयांच्या घरगुती व स्वयंपाकघरातील सामानाचे करपात्र मूल्य सर्पिलाकार पट्ट्यांनी दाखवले आहे: १८७५ मध्ये २१,१८६ डॉलर, तर १८९९ मध्ये १४,३४,९७५ डॉलर. दुसऱ्या एका तक्त्यात अटलांटातील १५० कुटुंबांचा जमाखर्च आहे. सर्वांत गरीब गटाची जवळजवळ सगळी मिळकत भाडे, अन्न, कपडे आणि कर यांतच संपत असल्याचे तो सांगतो. या प्रदर्शनाला सुवर्णपदक मिळाले.

‘द नीग्रो लँडहोल्डर ऑफ जॉर्जिया’ (१९०१) या अहवालात त्यांनी जमिनीचा हिशेब मांडला. गुलामगिरीतून रिकाम्या हातांनी बाहेर पडलेल्या समाजाने शतकाअखेरीस या राज्यात दहा लाख एकरांहून अधिक जमीन मिळवली होती. ही प्रगती विलक्षण होती. परंतु राज्याच्या लोकसंख्येत जवळजवळ निम्मे असलेल्या लोकांकडे एकूण भूभागाच्या तीन टक्केही जमीन नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्याने डू बॉइस यांच्या आकड्यांचा अर्थ आशावादी आणि निराशावादी दोघेही आपापल्या सोयीने लावीत आले आहेत.

दरीच्या मुळाशी जाताना त्यांनी दोन घटनांकडे विशेष लक्ष वेधले. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांच्या आदेशाने किनारपट्टीवरील जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत देण्याचे ठरले होते. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्यातील बहुतेक जमीन पूर्वीच्या मालकांना परत केली. दुसरी घटना फ्रीडमन्स बँकेची. १८६५ मध्ये केंद्रीय कायद्याने स्थापन झालेली ही बचत बँक गैरव्यवस्थापनामुळे १८७४ मध्ये बुडाली आणि ६१,००० हून अधिक ठेवीदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. काटकसरीची शिकवण ज्यांनी मनापासून पाळली, नेमके त्यांचेच पैसे गेले.

जमीन नसलेले शेतकरी बटाईने कापूस पिकवीत. पेरणीपूर्वीच दुकानदार सावकार उभ्या न राहिलेल्या पिकावर तारण लिहून घेई आणि धान्य, कापड, अवजारे चढ्या दराने उधार देई. हंगामाअखेरीस हिशेब त्याच्याच वहीत होई. बाकी राहिली की ती पुढील वर्षावर चढे, आणि कर्ज फिटेपर्यंत शेतकऱ्याला हलता येत नसे. डोहर्टी काउंटीतील या व्यवस्थेचे वर्णन ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’मध्ये सविस्तर आले आहे. १९०६ मध्ये अलाबामातील लाउंड्स काउंटीची याहून मोठी पाहणी त्यांनी केंद्रीय श्रम विभागासाठी पूर्ण केली. परंतु विषय राजकीयदृष्ट्या अडचणीचा असल्याने अहवाल छापला गेला नाही आणि हस्तलिखितही नष्ट करण्यात आले.

== बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी मतभेद ==
टस्कीगी संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन हे त्या काळातील सर्वांत प्रभावशाली कृष्णवर्णीय नेते होते. कृष्णवर्णीयांनी राजकीय हक्कांचा आग्रह तूर्त बाजूला ठेवून कारागिरी, शेती आणि बचतीद्वारे संपत्ती मिळवावी, मान त्यामागून येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. डू बॉइस यांनाही उद्योग आणि बचत हवीच होती. त्यांचा आक्षेप वेगळा होता. मताचा अधिकार नसलेल्या माणसाची मालमत्ता न्यायालय, कर आकारणारा अधिकारी आणि जमाव यांच्या मर्जीवर टिकते, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबर १९०६ मधील अटलांटाच्या दंगलीत जमावाने कृष्णवर्णीयांच्या दुकानांवर आणि वस्त्यांवर हल्ले केले, तेव्हा या युक्तिवादाची प्रचिती त्यांच्याच शहरात आली.

त्याआधी एप्रिल १८९९ मध्ये सॅम होज या शेतमजुराची अटलांटाजवळ जमावाने क्रूर हत्या केली होती. त्याच वर्षी डू बॉइस यांचा लहानगा मुलगा घटसर्पाने दगावला. केवळ शास्त्रीय माहिती समोर ठेवली की समाज सुधारेल, हा त्यांचा विश्वास या काळात ढासळला. १९०५ मध्ये त्यांनी नायगारा चळवळ सुरू केली.

== ‘द क्रायसिस’ आणि एनएएसीपी ==
१९१० मध्ये अटलांटा सोडून ते न्यूयॉर्कला आले आणि एनएएसीपीचे ‘द क्रायसिस’ हे मासिक त्यांनी सुरू केले. १९३४ पर्यंत ते त्याचे संपादक होते. झुंडबळींच्या नोंदींबरोबरच मजुरी, घरे, जमीन यांवरील वृत्तान्त त्यात नियमित येत. १९१९ मध्ये आर्कान्सातील इलेन परिसरात कापसाला रास्त भाव आणि चोख हिशेब मागण्यासाठी संघटित झालेल्या बटाईदारांची मोठ्या संख्येने हत्या झाली आणि उलट त्यांच्यापैकीच बारा जणांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. एनएएसीपीने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवले आणि १९२३ मध्ये सहा आरोपींच्या बाजूने महत्त्वाचा निर्णय मिळाला.

महामंदीच्या काळात कृष्णवर्णीयांनी आपल्या ग्राहक व उत्पादक सहकारी संस्था उभारून अर्थव्यवहार स्वतःच्या हाती घ्यावा, अशी भूमिका त्यांनी मांडली. ही विभक्ततेला दिलेली मान्यताच होय, असे संघटनेतील अनेकांना वाटले. मतभेद विकोपाला जाऊन १९३४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

त्याच सुमारास न्यू डीलच्या योजना आकार घेत होत्या. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. कृष्णवर्णीय कामगारांचा फार मोठा भाग याच दोन व्यवसायांत होता. सरकारी गृहकर्ज यंत्रणेच्या नकाशांत त्यांच्या वस्त्या धोकादायक म्हणून लाल रंगाने दाखवल्या जात, आणि १९३४ पासून मिळू लागलेल्या सरकारी हमीच्या स्वस्त गृहकर्जांचा लाभ प्रामुख्याने श्वेतवर्णीयांना झाला.

१९३५ मध्येच ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ हा त्यांचा इतिहासग्रंथ प्रसिद्ध झाला. यादवी युद्धानंतरचे पुनर्रचनेचे पर्व जमीनवाटपाच्या अभावी अपुरे राहिले, तसेच कमी मजुरी मिळणाऱ्या गरीब श्वेतवर्णीयांना सामाजिक प्रतिष्ठेच्या रूपाने एक प्रकारचा मोबदला मिळत राहिल्याने दोन्ही वर्णांचे कष्टकरी एकत्र आले नाहीत, अशी मांडणी त्यात आहे. समकालीन इतिहासकारांनी ग्रंथाची फारशी दखल घेतली नाही. आज तो या विषयावरील मूलभूत ग्रंथ मानला जातो.

== भारताशी संबंध ==
लाला लजपतराय यांच्या अमेरिकेतील वास्तव्यात डू बॉइस यांचा त्यांच्याशी स्नेह जुळला. ‘डार्क प्रिन्सेस’ (१९२८) या त्यांच्या कादंबरीची नायिका भारतीय राजकन्या आहे. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांच्या प्रश्नासाठीही असाच मार्ग अनुसरण्याचा त्यांचा विचार होता. डू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर पाठवून सहानुभूती व्यक्त केली. पुढील वर्षी एनएएसीपीच्या वतीने डू बॉइस यांनी संपादित केलेले ‘ॲन अपील टू द वर्ल्ड’ हे निवेदन संयुक्त राष्ट्रांना सादर झाले. त्यावर कोणतीही कारवाई झाली नाही.

== अखेरची वर्षे ==
शांतता चळवळीतील सहभागामुळे १९५१ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांच्यावर परकीय हस्तक असल्याचा खटला भरण्यात आला. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, तरी सरकारने १९५८ पर्यंत त्यांना पारपत्र दिले नाही. १९६१ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले आणि राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून आफ्रिकाविषयक ज्ञानकोशाच्या कामासाठी घानाला गेले. स्टॅलिनविषयीच्या त्यांच्या मतांवर आजही टीका होते.

२७ ऑगस्ट १९६३ रोजी आक्रा येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये रोजगार आणि स्वातंत्र्य या मागण्यांसाठी निघालेल्या मोर्चाच्या सभेत एनएएसीपीचे रॉय विल्किन्स यांनी ही बातमी जाहीर केली.

== अभ्यासाचा उत्तरकालीन उपयोग ==
पॅरिस प्रदर्शनातील तक्ते वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेले आहेत. डू बॉइस यांनी वापरलेल्या प्रकारच्या वर्णनिहाय करनोंदींच्या साहाय्याने अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दरडोई संपत्तीचा दीर्घकालीन हिशेब मांडला. त्यानुसार श्वेतवर्णीय आणि कृष्णवर्णीय यांच्या संपत्तीचे प्रमाण १८६० मध्ये सुमारे ६० ास १ होते; १९२० पर्यंत ते १० ास १ वर आले आणि त्यानंतर घट मंदावत अलीकडे ते सुमारे ६ ास १ येथे अडखळले आहे. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत श्वेतवर्णीय कुटुंबांची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर, तर कृष्णवर्णीय कुटुंबांची ४४,९०० डॉलर आढळली.