ताऱ्यांचे गुपित उकलणारा दुकानदाराचा मुलगा

छावणीतून नागसेनवनाकडे निघालो की मिलिंद विज्ञान महाविद्यालयात जाणारी खेड्यापाड्यांतली मुले दिसतात. भौतिकशास्त्र शिकता शिकता त्यांना साहा समीकरण कधीतरी भेटते; पण हा साहा कोण, कुठल्या जातीत जन्मला, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. म्हणून आम्ही सांगतो.

मेघनाद साहा यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेवडातली गावी झाला. वडील जगन्नाथ छोटे दुकानदार. जात खालची मानलेली. पुढच्या शिक्षणासाठी एका डॉक्टरांनी घरी ठेवून घेतले, पण आपले ताट आपणच घासायचे आणि गाय सांभाळायची. १९०५ मध्ये गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार टाकला म्हणून शाळेने काढले, शिष्यवृत्तीही गेली. पुढे कलकत्त्याच्या ईडन हिंदू वसतिगृहात सवर्ण मुलांनी पंगतीला बसू दिले नाही, सरस्वतीपूजेला मज्जाव केला. विद्येच्या देवीसमोर विद्यार्थीच विटाळ ठरला!

याच विद्यार्थ्याने १९२० मध्ये ताऱ्यांचे कोडे सोडविले. प्रचंड उष्णतेत अणूपासून इलेक्ट्रॉन सुटतो. किती अणूंचे सुटतील ते तापमान व दाब ठरवितात. ताऱ्यांच्या प्रकाशपटातील रेषांचा फरक मुख्यतः तापमानामुळे पडतो, घटकद्रव्यांमुळे नव्हे, हे त्यातून उमगले. हेच समीकरण वापरून १९२५ मध्ये सेसिलिया पेन या तरुणीने दाखविले की तारे प्रामुख्याने हायड्रोजनचे आहेत. सूर्य पृथ्वीसारख्याच द्रव्यांचा, ही बड्या विद्वानांची समजूत कोसळली. त्यांच्या दबावाने तिला स्वतःचाच निष्कर्ष संशयास्पद लिहावा लागला. चार वर्षांनी तोच खरा ठरला. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना प्रकाश मोकळा झाला, या आजच्या गणिताचाही पाया साहाच.

साहा प्रयोगशाळेत कोंडून राहिले नाहीत. १९३४ मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. १९४३ च्या दामोदर पुरानंतरच्या चौकशी समितीत ते सदस्य होते. त्याच काळात व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूरमंत्री बाबासाहेब दामोदर योजनेला आकार देत होते. सगळे विज्ञान वेदांतच आहे म्हणणाऱ्यांची साहांनी लेखणीने भंबेरी उडविली. १९५२ मध्ये ते लोकसभेत निवडून गेले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना कोसळले ते उठलेच नाहीत. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबही गेले.

आज आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो प्रयोगशाळेला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. तिथे आमची पोरे पहारेकरी म्हणून उभी राहणार की शास्त्रज्ञ म्हणून बसणार? आरक्षणाची जागा रिकामी ठेवून गुणवत्तेचा टाहो फोडणाऱ्यांना आम्ही साहांचे नाव सांगू. आणि नागसेनवनातल्या पोरांना एवढेच सांगू : पंगतीतून उठविलेल्या पोराने सूर्याचे तापमान वाचायला जगाला शिकविले. तुम्ही पुस्तक खाली ठेवू नका.