परमुलखातला सोलापूरकर

परमुलखात जाऊन तिथलाच झालेल्या माणसाची थोरवी आम्हा नरसीकरांना वेगळी सांगावी लागत नाही. कयाधूकाठच्या या गावाचे नामदेव महाराज पंजाबात गेले, तिथल्या लोकांत मिसळले. त्यांची पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबातले भाविक आजही नरसीला येतात.

त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी आणखी एक मराठी माणूस असाच दूर गेला. त्याची आठवण होण्याचे कारण पॅलेस्टाइनचे आहे. तिथली वेस्ट बँक १९६७ पासून इस्रायली लष्कराच्या ताब्यात आहे. ऑलिव्हच्या सुगीला जगभरातून स्वयंसेवक तिथे जातात, शेतकऱ्यांबरोबर झाडाखाली उभे राहतात, तपासणी नाक्यांवरच्या रांगा पाहतात. मदतीला म्हणून गेलेला माणूस आधी शिकतो, हे त्यांच्याविषयी वाचताना जाणवते. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे आयुष्य म्हणजे नेमकी हीच गोष्ट.

१० ऑक्टोबर १९१० चा त्यांचा जन्म. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे अटल प्रमुख, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी त्यांची बोट मुंबईहून सुटली.

चीनमध्ये पोचून काही महिने होतात तोच सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. सहकाऱ्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला, पण ते थांबले. हा निर्णय मी अनेकदा मनात घोळवला आहे. परक्यांच्या जखमा बांधणाऱ्या मुलाची वाट इकडे त्याची आई पाहत होती. थोर माणसांच्या त्यागाचा अर्धा वाटा त्यांच्या घरच्यांनी उचललेला असतो, आणि त्यांची नावे कुठल्या स्मारकावर नसतात.

१९३९ मध्ये पथक येनानला पोचले. पुढे कोटणीस उत्तर चीनमधील खेड्यांत, जपानी फौजांच्या वेढ्यातल्या मुलखात गेले. परकी सत्ता म्हणजे केवळ बंदुका आणि झेंडे नव्हेत, हे तिथे कळत होते. ती पिठाच्या मडक्यात शिरते, रात्रीच्या झोपेत शिरते. मारा, जाळा, लुटा असे जपानी मोहिमांचे धोरण होते. गावकऱ्यांना धान्य लपवून ठेवावे लागे, फौज आली की डोंगरात पळावे लागे. नाकेबंदीमुळे औषधे मिळत नसत. रुग्णालयाला पक्की इमारत नव्हती. जखमी शेतकऱ्यांच्याच घरांतून ठेवलेले असत आणि धोका दिसला की सारे बिऱ्हाड हलवावे लागे.

अशा ठिकाणी नुसती शस्त्रक्रिया येऊन भागत नाही. दुखते कुठे, हे विचारायलाही भाषा लागते. कोटणीस चिनी बोलायला, वाचायला, लिहायला शिकले. गावकरी खात तेच खाऊ लागले. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. ज्यांच्या नावाचे ते रुग्णालय, ते कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यूनही असेच स्वयंसेवक होते आणि १९३९ मध्ये तिथेच वारले होते. कोटणीसांनी विद्यार्थ्यांना शिकवले आणि शस्त्रक्रियेवर चिनी भाषेत पुस्तक लिहायला घेतले.

१९४१ मध्ये त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव इनह्वा. इन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघे ३२. पथकातले बाकीचे चौघेही मायदेशी परतले. कोटणीस तेवढे राहिले.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. चीनमध्ये शीच्याच्वांगला त्यांची समाधी आहे, सोलापुरात स्मारक आहे. १९६२ मध्ये दोन्ही देशांत युद्ध झाले, तरी चीनमधला त्यांचा मान टिकून राहिला. मला त्याचे कारण साधे वाटते. त्यांनी त्या लोकांना उपकाराच्या उंचीवरून पाहिले नाही. त्यांची भूक, त्यांची भीती आणि त्यांची भाषा आधी आपलीशी केली, मग हातात शस्त्र घेतले ते जखम शिवण्यासाठी.