तुरुंगाआधी शाळा : मेरी कार्पेंटर

निवासी शाळेच्या स्मरणिकेत तुरुंगसुधारणेसाठी झटलेल्या एका इंग्रज स्त्रीचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर त्यांच्या जीवनकार्यातच आहे.

मेरी कार्पेंटर यांचा जन्म 3 एप्रिल 1807 रोजी इंग्लंडमधील एक्सेटर येथे झाला. वडील धर्मोपदेशक व शिक्षक होते. ब्रिस्टल येथील त्यांच्या शाळेत मेरी मुलांच्या बरोबरीने लॅटिन, ग्रीक व गणित शिकल्या. 1833 मध्ये राजा राममोहन रॉय ब्रिस्टलला आले आणि तेथेच निवर्तले. त्या परिचयातून मेरींच्या मनात भारताविषयी आस्था रुजली.

त्या काळी किरकोळ चोरी करणाऱ्या बालकासही तुरुंगात धाडले जाई. 1846 मध्ये मेरींनी ब्रिस्टलच्या दरिद्री वस्तीत अनाथ, उपाशी मुलांसाठी शाळा काढली. तुरुंगातून परतलेले मूल अधिकच बिघडते, हे त्यांनी जाणले. म्हणून 1852 मध्ये किंग्जवूड येथे मुलांसाठी आणि 1854 मध्ये रेड लॉज या वास्तूत मुलींसाठी त्यांनी सुधारशाळा उभारल्या. 1854 च्या कायद्याने अशा शाळांना मान्यता दिली. मात्र मुलाने आधी किमान चौदा दिवस तुरुंगात काढावेत, ही अट घातली. मेरींचा तिला विरोध होता. ती अट 1899 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी रद्द झाली.

1866 मध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्या भारतात आल्या. मुंबई, पुणे, अहमदाबाद, मद्रास, कलकत्ता येथे हिंडून त्यांनी शाळांबरोबर तुरुंगही पाहिले. रात्रीची दाटी, शिक्षणाचा अभाव, स्त्री-कैद्यांवर स्त्री-पहारेकरी नसणे, या उणिवा त्यांनी सरकारपुढे मांडल्या. त्या चार वेळा भारतात आल्या. 1876 मध्ये येथेही सुधारशाळांचा कायदा झाला. 14 जून 1877 रोजी ब्रिस्टल येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. येथील त्यांचा वावर प्रामुख्याने अधिकारी व सुशिक्षित वर्गात राहिला. आणि ज्या राजवटीपुढे त्यांनी बालकांची कैफियत मांडली, तिनेच 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कलंक कायद्यातून पुसला जाण्यास 1952 साल उजाडावे लागले.

मूल जन्मतः गुन्हेगार नसते, ही मेरींची निष्ठा आपणांस परकी नाही. तथागतांनी अंगुलिमालालाही संघात जागा दिली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडले, ते जन्मावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्या व्यवस्थेला उत्तर म्हणूनच. खेडच्या डोंगरवाड्यांतून आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव पटावर लिहिताना त्याच्या मागे चिकटलेला कोणताही शिक्का आपण सोबत लिहू नये. एवढे आपण पाळले, तरी या चरित्राचे स्मरण सार्थ होईल.