डॉ. एम. सी. मोदी : रुग्णाच्या गावी जाणारे नेत्रसर्जन

डॉ. मुरिगेप्पा मोदी यांचा जन्म १९१६ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील विजापूर जिल्ह्यात, बिळगी येथे झाला. मोतीबिंदूने आंधळे झालेले गरीब रुग्ण शहरापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून त्यांनी गावोगावी मोफत नेत्रशिबिरे घेतली. १९६८ मध्ये तिरुपतीला त्यांनी एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढले. गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. २००५ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शिबिरांच्या सुरुवातीच्या काळात शस्त्रक्रियेनंतर जाड भिंगांचा चष्मा लागे, म्हणून मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबण्याची पद्धत होती. आता डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवतात. त्यामुळे रोजच्या कामात अंधूक दिसू लागले, की नेत्रतज्ज्ञांना दाखवा. शस्त्रक्रिया शिबिरात झाली, तरी नंतरची तपासणी चुकवू नका.