वनौषधींचे पारखी : सर रामनाथ चोप्रा

खोकला झाला की अडुळशाच्या पानांचा काढा घ्यावा, हे आपल्याकडे अनेक घरांत ठाऊक असते. काढा झाडपाल्याचा, तेव्हा तो निरुपद्रवीच असणार, असे आपण गृहीत धरतो. परंतु घरात एखादी स्त्री गर्भवती असेल, तर तोच काढा तिला निर्धास्तपणे देता येईल का? अशा प्रश्नाचे उत्तर केवळ ऐकीव माहितीवर न सोडता प्रयोगाने शोधावे, ही दृष्टी आपल्या देशात रुजवण्यात सर रामनाथ चोप्रा यांचा मोठा वाटा आहे.

रामनाथांचा जन्म १७ ऑगस्ट १८८२ रोजी गुजराणवाला येथे झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. लाहोरचे शिक्षण संपवून ते इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेले. तेथे वॉल्टर डिक्सन या संशोधकाच्या सहवासात त्यांना औषधिक्रियाविज्ञानाची, म्हणजे औषध शरीरात गेल्यावर नेमके काय घडते याच्या अभ्यासाची, गोडी लागली. १९०८ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी पूर्व आफ्रिकेत लष्करी डॉक्टर म्हणून काम केले.

१९२१ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत ते प्राध्यापक झाले. त्या काळी देशी औषधींविषयी दोन टोकाची मते होती. काहींना त्या सर्वस्वी गुणकारी वाटत, तर काहींना त्या पूर्णपणे त्याज्य वाटत. चोप्रांनी तिसरा मार्ग पत्करला. वनस्पती ओळखायची, तिच्यातील क्रियाशील द्रव्य वेगळे करायचे, प्राण्यांवर त्याचा परिणाम तपासायचा आणि मगच रुग्णांविषयी बोलायचे, असा त्यांचा क्रम होता. १९२५ मध्ये त्यांनी अडुळशाचे गुणधर्म अभ्यासले. १९३३ मध्ये सर्पगंधेवरील प्रयोग आणि भारतातील देशी औषधींवरील त्यांचा ग्रंथ, दोन्ही प्रसिद्ध झाले.

परीक्षा केवळ वनस्पतीची करून भागणार नव्हते. बाजारात भेसळीची आणि कमअस्सल औषधे सर्रास विकली जात होती. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी सरकारने १९३० मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद चोप्रांकडे आले. समितीने केलेल्या शिफारशींतून पुढे १९४० चा औषध कायदा साकारला.

निवृत्तीनंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. जम्मू-काश्मीरमधील औषध संशोधन प्रयोगशाळेची धुरा त्यांनी सांभाळली. १९५७ मध्ये ती वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेली. १३ जून १९७३ रोजी चोप्रांचे निधन झाले. पण त्यांनी घालून दिलेली वाट पुढे चालू राहिली. याच जम्मूच्या प्रयोगशाळेत पुढील काही वर्षांत अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्याचा पुन्हा अभ्यास झाला. हे द्रव्य गर्भाशयाचे आकुंचन घडवून आणू शकते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. खोकल्यावर उपयोगी पडणारे पान गर्भवतीला अपायकारक ठरू शकते, हा इशारा त्यातून मिळाला.

सर्पगंधेचीही अशीच कथा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये या मुळीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग जगासमोर मांडला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. पुढे असे आढळले, की ते वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि त्यामुळे नवजात बालकाचे नाक चोंदून त्याला श्वास घेणे व दूध ओढणे कठीण होऊ शकते. औषध एकच, पण ते घेणारे जीव दोन, ही गोष्ट अशा वेळी विसरून चालत नाही.

गर्भवती स्त्रीवर थेट प्रयोग करणे धोक्याचे असते. म्हणून प्रथम प्राण्यांवर चाचण्या होतात. मात्र प्राण्यागणिक परिणाम बदलत असल्याने त्यांचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू करता येत नाही. जेथे खात्री नाही, तेथे गर्भवतीने वैद्यकीय सल्ल्याशिवाय औषध न घेणे, हेच शहाणपणाचे. चोप्रांनी आपल्या वनौषधींवर मनापासून प्रेम केले, आणि म्हणूनच त्यांना परीक्षेतून सूट दिली नाही. अंगणातल्या अडुळशाकडे पाहताना त्यांची ही शिकवण आपण स्मरणात ठेवली पाहिजे.